मंगळवारची पेशी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. सोमवारची दुपार होती. फडक्यात बांधून ठेवलेल्या वालांना चांगले मोड आले होते. ते कोमट पाण्यात टाकून परात ओट्यावर मीच आणली, कारण तेवढं वजन उचललं तरी तिला दम लागायचा. ती चिमटीत वाल धरायची आणि डाळिंबी टुणकन बाहेर यायची, अख्खी. माझ्या हातून निम्म्या मोडायच्या.

“तुमी नुसती सालं गोळा करा,” ती म्हणाली. “मला बिरडं करायचं हाय, पिठलं नाय.”

मी सालं कोंबड्यांना टाकली. पण गप्प बसलो नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईला पेशी होती आणि तिची तयारी करून घ्यायची होती.

“जज्ज विचारील, कंपनीत काय काम करायचीस? काय सांगशील?”

“गोणीचं तोंड धरायचे.”

“असं एकदम नाय. आधी म्हणायचं, साहेब, गारगोटी दळायची कंपनी हाय.”

“अवो, जज्जाला गारगोटी माहीत नसंल व्हय?”

“मुंबईचा असंल तर नसंल.”

“चौथी शिकलेला वकील गावला मला,” ती म्हणाली आणि हसली. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मग तिनं परत चिमटीत वाल धरला.

आता ही पेशी कसली ते सांगतो. आमच्या भागात, खोपोलीच्या अलीकडं, पांढरी गारगोटी दळायचा कारखाना आहे. काचेला, फरशांना ती पूड लागते म्हणतात. वरून नळीतून पूड पडते आणि खाली बायका गोणीचं तोंड धरून उभ्या राहतात. भात लावणी-कापणी सोडली तर माझी बायको बारा महिने तिथंच. संध्याकाळी यायची ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन. नाकाला पदर बांधलेला. तो सोडला की तेवढंच तोंड माणसाचं दिसायचं.

मॅनेजर बायकांना सुटताना गुळाचा खडा द्यायचा. म्हणायचा, गूळ खा, धूळ खाली उतरते. ती निम्मा खडा माझ्यासाठी आणायची. मी खायचो. म्हणायचो, माणूस बरा दिसतो तुमचा.

पुढं तिला दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीला, मग बसल्या जागी. क्षयाच्या गोळ्या झाल्या, गुण आला नाही. शेवटी पुतण्यानं त्याच्या टेंपोत घालून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई भेटल्या. वयानं मला मुलीसारख्या. छातीचा फोटो त्यांनी उजेडाला धरला आणि पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, “आजी, काम काय करायचात?” तिनं सांगितलं. बाईंनी पुन्हा पुन्हा खोदून विचारलं. पूड ओली असायची का कोरडी, झाडू मारायचात का, तोंडाला काय बांधायचात. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाल्या, “आजोबा, आम्हाला आजींच्या पेशी हव्या आहेत. मंगळवारी.”

मला पेशी एकच माहीत. चुलतभावाशी बांधावरून खटला चालला होता, तेव्हा पेशीला कर्जतच्या कोर्टात जाऊन जाऊन माझी चप्पल झिजली. शिपाई नाव पुकारतो, आपण उभं राहायचं, पुढची पेशी घेऊन घरी यायचं.

“कुठं ठेवली? कर्जतला का खालापूरला?” मी विचारलं.

“इथंच, आमच्या लॅबमध्ये.”

मला वाटलं, लॅब म्हणजे मुंबईतल्या कुठल्या तरी कोर्टाचं नाव.

“कंपनीवाले येतील?”

“त्यांची काय गरज? आजी आल्या म्हणजे झालं.”

म्हणजे एकतर्फी! मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे. मॅनेजरला कळायच्या आत निकाल. गावात आलो तो छाती काढून. पारावर सांगितलं, कंपनीवर केस उभी राहिली, मंगळवारी मुंबईत पेशी आहे. कुणी हसलं नाही. सगळ्यांना पेशी तीच माहीत होती.

मंगळवारी मी पांढरा सदरा घातला, टोपी घातली. तिला लग्नाकार्याची साडी नेसायला लावली. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पोचलो, तर सगळीकडं काचा, यंत्रं, पांढरे कोट. बाई दिसल्या तशा मी विचारलं, “जज्जसायेब कुठं बसतात?”

“कोण?”

“पेशी हाय ना आज.”

बाईंना कळायला वेळ लागला. मग त्या हसल्या, आणि आमचे कपडे बघून त्यांचं हसू मावळलं. “आजोबा, ही ती पेशी नाही हो. आपलं अंग ज्याचं बनलेलं असतं ना, ते बारीक बारीक कण. डोळ्याला दिसत नाहीत इतके. त्यांना पेशी म्हणतात.”

माझ्याआधी बायकोच्या ध्यानात आलं. ती चाकाच्या खुर्चीत बसली होती. “म्हंजे मला काय बोलायचं नाय?”

“नाही आजी. नुसतं तोंड उघडायचं.”

“अवो, ऐकलं का? काल दिसभर माझ्याकडनं साक्ष पाठ करून घेतली ह्यांनी! आन् ही साडी, खाजवून जीव चालला माझा.” पदर तोंडावर घेऊन ती हसत राहिली. बाईसुद्धा परत हसायला लागल्या.

मी हसलो नाही. मला राग आला होता. मॅनेजर पिंजऱ्यात उभा राहिलेला मी आदल्या रात्री डोळ्यांसमोर बघून झोपलो होतो. कपाळावर घाम, हातात रुमाल. तो माझ्या हातून गेला.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. छातीत बारीक नळी घालतात, थोडं मिठाचं पाणी सोडतात आणि परत ओढून घेतात. त्या पाण्याबरोबर फुफ्फुसातल्या पेशी येतात. त्यातल्या काही झाडूवाल्या असतात. श्वासातून आत आलेली धूळ त्या खातात आणि जागा साफ ठेवतात. त्या काचेच्या बशीत जिवंत ठेवायच्या आणि त्यांच्यावर धूळ टाकून बघायचं, धूळ त्यांचं काय करते. जनावर मारायला नको, माणसाच्या छातीत धूळ घालायला नको.

“त्यानं ही बरी व्हईल?”

“नाही. तसं मी सांगणार नाही. पण कुठली धूळ काय करते ते कळेल.”

“मॅनेजरला काय व्हईल?”

“आजोबा, लगेच काहीच नाही.”

“मंग कशाला पायजे?”

मला बोलू न देता बायको म्हणाली, “घ्या बाई. एवढी वर्सं गोण्या भरल्या त्यांच्या. माझ्या छातीतलं काय हाय ते घ्या आन् बघा.” बाईंनी कागद वाचून दाखवला आणि तिनं आपल्या हातानं सही केली. तिची सही माझ्यापेक्षा चांगली होती.

ती परत घरी आली नाही. पाणी काढल्यानं नव्हे, हे लिहून ठेवतो, कारण गावात काही जण तसं बोलले. दुसऱ्या दिवशी ती चांगली बोलत होती, समोरच्या खाटेवरच्या बाईला बिरड्याचं वाटण सांगत होती. पण फुफ्फुसं आधीच दगड झाली होती. ताप आला, ऑक्सिजन लावला, आणि त्या ऑक्सिजनवरच गेली. मला वाटतं शेवटपर्यंत ती श्वास मोजूनमापून घेत होती, महिनाअखेरीला डब्यातलं तेल काढावं तसा.

दहाव्याला कावळा शिवेना. नदीच्या काठावर पिंड ठेवून आम्ही उन्हात उभे. काय राहिलं असंल तिचं, बोला, असं सगळे म्हणायला लागले. पुतण्या म्हणाला, काकी, काकांना मी सांभाळीन. कावळा झाडावरच. भावजय म्हणाली, तुझ्या कोंबड्या मी बघीन गं. तरी नाही. मग मी मनातल्या मनात म्हटलं, त्या मॅनेजरला सोडत नाय. कावळा सरळ खाली आला. लोकांना वाटलं कोंबड्यांचं ऐकून आला.

तेराव्याला मॅनेजर आला. हार घेऊन. फोटोला घातला, हात जोडले आणि मांडवात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काय करणार? चुलीपुढं आयुष्य काढलं हो ह्या बायकांनी. धूर फार वाईट. आमच्याकडं तर आम्ही रोज गूळ देत होतो.”

आमच्या घरात गॅस कधीचा आहे. चूल मागच्या पडवीत, अंघोळीच्या पाण्यापुरती. पण बसलेल्यांपैकी कितीतरी माना हलल्या. माझ्याच भावकीच्या माना. चूल आमची, पेटवणारी ती, म्हणजे तिनंच स्वतःला मारलं. जेवणाच्या पानावर बसून त्यानं हा निकाल लावला आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

कोयता कुडाला अडकवलेला होता. मी त्याच्याकडं बघितलं, खोटं कशाला सांगू? पुतण्यानंही मला बघताना बघितलं आणि कोयता नेऊन टेंपोत टाकला. नसता टाकला तरी मी उचलला नसता. कोयत्यानं तो मेला असता आणि त्याचं बोलणं जिवंत राहिलं असतं. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, बिचाऱ्या मॅनेजरनं चुलीचं खरं तेच सांगितलं होतं. मला तो खोटा पडलेला पाहिजे होता. आधी खोटा, मग बाकीचं.

म्हणून मी तिची डब्याची पिशवी काढली. कितीही धुतली तरी त्या पिशवीच्या शिवणीत पूड बसलेली असायची. ब्लेडनं शिवण उसवली आणि पूड कागदात झटकली. दुसऱ्या कागदात चुलीच्या वरच्या पत्र्याची काजळी खरवडून घेतली. दोन्ही पुड्या सदऱ्याच्या दोन खिशांत ठेवून मुंबईला गेलो.

बाई मला बघून उठून उभ्या राहिल्या. ती गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी पुड्या टेबलावर ठेवल्या. “ही कंपनीची. ही माझ्या चुलीची. तिच्या पाण्यावर टाका आन् सांगा कोणी मारलं.”

बाईंनी दोन्ही पुड्या उघडून बघितल्या. म्हणाल्या, “कंपनीकडं पूड मागितली होती मी. दिली नाही.” मग म्हणाल्या, “आजोबा, आजींच्या पेशी थोड्या शिल्लक आहेत. अजून जिवंत आहेत.”

“जिवंत?”

त्यांनी एक कपाट उघडलं. आतून ऊब आली. अंगाला ताप नसताना असते तेवढी ऊब. आत झाकणाच्या छोट्या बशा ठेवल्या होत्या, तळाला लालसर पाणी.

“तेरावं घातलं मी हिचं,” मी म्हणालो.

मला त्या कावळ्याचा राग आला. फार घाई केली त्यानं.

“सही आहे त्यांची, त्यामुळं मी पुढं जाऊ शकते,” बाई हळू म्हणाल्या. “पण तुम्हाला विचारल्याशिवाय माझा हात होत नाही. एका बशीत पूड, एकीत काजळी, आणि एक तशीच ठेवायची, ताडून बघायला. बस, एवढ्याच आहेत.”

“तशी ठेवलेली किती जगंल?”

“काही दिवस. मग तीही जाईल.”

“आन् पूड टाकलेली?”

“तेच बघायचंय.”

बशीला हात लावू का विचारलं तर नाही म्हणाल्या, हाताचे जंतू जातात. मी काचेजवळ तोंड नेलं. काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी. त्या पाण्यात ती अजून होती. जगाच्या पाठीवर तेवढीच उरली होती, आणि तिच्यावर तीच पूड टाका म्हणून सांगायला मी खिशात पूड घेऊन आलो होतो.

“मॅनेजरच्या पेशी काढता येतील का?” मी विचारलं.

“त्यांनी हो म्हटलं तर.”

“झोपेत?”

“आजोबा!”

“विचारलं आपलं.”

त्या हसल्या नाहीत. मीही हसलो नाही. मग मी म्हणालो, “घाला.”

“नक्की? घरी जाऊन विचार करा. उद्या सांगितलंत तरी चालेल.”

“घाला म्हनलं ना.”

माझा बायकोवर जीव होता. त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. तरी मी घाला म्हणालो. त्या घटकेला मला ती काचेत जिवंत राहण्यापेक्षा तो मांडवात बसलेला माणूस खोटा पडणं जास्त हवं होतं. आज विचारलं तरी तेच सांगेन.

पूड तशीच टाकत नाहीत. ती तापवतात, तोलतात, पाण्यात मिसळतात. बाईंनी मला परवा यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी मला एका उंच स्टुलावर बसवलं आणि दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळा लावायला सांगितलं. त्याच्यात बारीक गोष्ट मोठी दिसते. माझा चष्मा आड येत होता, तो काढला.

पहिली बशी, काही न टाकलेली. भिजवलेला साबुदाणा ताटात पसरावा तसे गोल गोल दाणे दिसले. काठ स्वच्छ. आत एकेक ठिपका.

“ह्या आजींच्या,” बाई म्हणाल्या.

मी बराच वेळ बघितलं. बाईंनी घाई केली नाही.

दुसरी बशी काजळीची. दाण्यांच्या पोटात काळं भरलेलं. काही मेलेले, बरेचसे टिकलेले. काळे झाले होते, पण गोल होते.

तिसरी पुडीची. तिथं साबुदाणा नव्हता. फुगलेलं, फाटलेलं, काठ सुटलेलं काहीतरी पसरलं होतं आणि त्याच्यात काचेसारखे कण चकाकत होते. बाई शेजारून सांगत होत्या, झाडूवाली पेशी धूळ म्हणून हा कण खाते. तो तिला पचत नाही. आतूनच तिला फाडतो आणि बाहेर पडतो. मग दुसरी येते, तोच कण परत खाते, तीही फाटते. कण तसाच. आजींच्या छातीत असंच वर्षानुवर्षं चालू असणार.

“म्हंजे गुळानं...” मी म्हणालो.

“गूळ पोटात जातो आजोबा. ही धूळ पोटात नाही जात.”

निम्मा खडा मी खात होतो तो आठवून मला थुंकावंसं वाटलं. तिथं थुंकायला जागा नव्हती.

“झालं मंग,” मी म्हणालो. “चुलीनं नाय मारलं. लिहून द्या.”

“एवढं सोपं नाही.” बाई माझ्यासमोर बसल्या. “चुलीचा धूर चांगला असं मी लिहिणार नाही. तोही वाईटच आहे, काही पेशी तिथंही मेल्यात. ही पूड पेशी मारते, हे मी लिहीन. आजींच्या छातीचा फोटो, त्यांचं काम, हे सगळं जोडून अर्ज करता येईल. पण एका बाईच्या थोड्याशा पेशी घेऊन कुणी कंपनीला दोषी धरत नाही. म्हणतील, पूड पिशवीतली, म्हातारी एकच.”

“कितीजणी पायजेत?”

“जेवढ्या येतील तेवढ्या. तिथं काम करणाऱ्या बायका आल्या तर आधी छातीचा फोटो काढू. ज्यांना झेपेल आणि ज्या आपणहून हो म्हणतील, त्यांचंच पाणी. आपणहून, बरं का. तुम्ही भीती घालायची नाही.”

“नाय घालणार.”

रात्री झोप कसली लागते? सकाळी उजाडायच्या आत उठलो आणि चालत वाडीवर गेलो. नळीखाली माझ्या बायकोच्या जागी आता जी उभी राहते, तिचं घर पहिलं आहे. ती भात रटरटत ठेवून वेणी घालत होती. मला बघून दारात आली. “काका, एवढ्या सकाळी?”

मी दारातच बसलो आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं. साबुदाण्यासारखं काय होतं, आणि मग काय झालं. भीती घालायची नाही असं ठरवून सांगितलं, पण खरं सांगितलं की भीती आपोआप पडते, त्याला मी काय करू. ती ऐकत होती आणि मधेच तिला खोकला आला. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“त्यांनी पाणी काढलं तर मी बरी व्हईन?”

“नाय. तसं बाईंनीच सांगितलंय.”

“मंग माझा काय फायदा त्याच्यात?”

“फोटोत कळंल तुझ्या छातीत काय हाय ते. पाण्याचा फायदा तुला काय नाय.”

“मंग तुमी एवढं चालत कशाला आलात?”

“त्याला बुडवायचा हाय.”

मी तिच्या भल्यासाठी गेलो नव्हतो आणि ते तिला कळलं होतं. मला वाटलं, आता दार लावील. तिनं वेणीला गाठ मारली.

“तेराव्याला मी तुमच्या मांडवात वाढत होते,” ती म्हणाली. “त्याच्या पानात लाडू मी वाढला. आन् वर बोलतो कसा, चुलीपुढं आयुष्य काढलं म्हणं. आमच्या घरातली चूल ह्यानं कधी बघितली?” मग आत वळली. “थांबा. भात उतरवते. साडी बदलायला लागंल का?”

“साधीच असू दे.”

ती आत असतानाच रस्त्यावर कंपनीची गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. आत बायका बसलेल्या, पदर गळ्याभोवती गुंडाळलेले. परत हॉर्न वाजला. मी दारातून उठून गाडीजवळ गेलो.

“आज ती येत नाय,” मी ड्रायव्हरला म्हणालो.

“का? बरं नाय का?”

“मुंबईला चाललीय. छाती तपासायला. कंपनीची पूड माणसाच्या छातीत काय करते ते बघून आलोय मी, डोळ्यानं.” हे मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, आतल्यांना ऐकू जाईल असं. “तुझ्या मॅनेजरला जाऊन सांग. कोण म्हणालं विचारलं तर माझं नाव सांग.”

ड्रायव्हरनं गिअर टाकला. पण मागच्या बाकावरच्या एका बाईनं खिडकीची काच सरकवली आणि विचारलं, “काय करते, काका?”

“खाली उतर, सांगतो,” मी म्हणालो आणि गाडीच्या दाराला हात घातला.